समोरच्याचा नकार आपणच देऊन टाकतो, त्याचं काय करायचं?

मेसेज लिहून झाला. वाचला. 'जमलं तर' हे शब्द सुरुवातीला होते, ते शेवटी नेले. पुन्हा वाचला. मग 'उद्या पाठवू' म्हणून सगळा पुसून टाकला. ज्याला तो जाणार होता त्याला आपल्याला काही विचारलं जाणार होतं याचा पत्ताही नाही आणि इकडे त्याच्या वतीने नकार देऊनही झाला. नकाराची भीती बहुतेक वेळा अशीच असते. रडारड नाही, तमाशा नाही, नुसता एक न गेलेला मेसेज. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, त्याने असे बरेच मेसेज पुसले असावेत. मेसेज नसतील, निरोप असतील.

'माझा स्वभावच भिडस्त' असं म्हणून आजवर ज्यांनी हा विषय मिटवला आणि आता त्याचं काहीतरी करायचं मनावर घेतलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मीही त्याच गोटातला. आधी विचार बदला, मग भीती जाईल, असा सल्ला मी देणार नाही. माझे विचार आधी बदलले नाहीत. आधी वही भरली, विचार मागून आले.

सुरुवातीला एवढं मान्य करा: दुखतं

किप्लिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. त्यांच्याकडे एक फ्रिस्बी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, तर खेळणाऱ्या दोघांनी ती पुन्हा त्यांच्याकडे टाकली. म्हणजे आता तिघांचा खेळ. थोड्या वेळाने ते दोघे काही न बोलता परत आपापसातच फेकू लागले. दोन अनोळखी माणसं, फुकटचा खेळ, पण विल्यम्सना ते चांगलंच लागलं. त्यातून पुढे 'सायबरबॉल' हा संगणकावरचा प्रयोग तयार झाला. सुरुवातीला तुमच्याकडे चेंडू येतो आणि मग येणं बंद होतं, एवढाच तो खेळ. २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि विल्यम्स यांनी लोकांना मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्या यंत्रात झोपवून हा खेळ खेळायला दिला. वगळलं गेल्यावर मेंदूतला अँटीरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स हा भाग जास्त सक्रिय झालेला दिसला. शारीरिक वेदनेचा जो त्रास होतो, त्याच्याशीही हा भाग जोडलेला आहे. त्याचा नेमका अर्थ काय लावायचा यावर संशोधकांत नंतर बराच वाद झाला आणि तो होणं योग्यच आहे, कारण मेंदूचा एक भाग एकच काम करत नाही. पण वगळलं गेलं की वाईट वाटतं, अगदी अनोळखी लोकांनी क्षुल्लक खेळात वगळलं तरी वाटतं, ही गोष्ट पुनःपुन्हा दिसून आली आहे.

माणूस टोळीत राहून जगला. टोळीबाहेर पडलेला फार दिवस टिकत नसे. त्यामुळे 'हे मला बाहेर तर काढणार नाहीत ना?' हे तपासत राहणारी घंटा आपल्या प्रत्येकात बसवलेली आहे. ती असणं हा दोष नाही. ती ऑफिसातल्या साध्या ईमेललाही तितक्याच जोरात वाजते, ही अडचण आहे. म्हणून 'एवढ्याशा गोष्टीचं काय वाटून घ्यायचं' असं स्वतःला बजावू नका. वाटणारच.

पहिली पायरी: भीती कुठे राहते ते शोधा

सगळीकडे सारखं घाबरणारी माणसं कमी. नोकरीसाठी बिनधास्त अर्ज टाकणारा माणूस आवडत्या व्यक्तीसमोर घाम पुसत उभा असतो. शंभर जणांपुढे भाषण ठोकणारी बाई जवळच्या मैत्रिणीकडे मदत मागताना अडखळते. त्यामुळे एका बैठकीत गेल्या महिन्या-दोन महिन्यांत विचारायच्या राहून गेलेल्या पाच गोष्टी लिहून काढा. लहान असल्या तरी चालतील.

लिहिताना एक काळजी घ्या. ही भीती स्वतःच्या नावाने क्वचितच समोर येते, ती वेश बदलून येते. 'सध्या योग्य वेळ नाही' हा तिचा आवडता वेश. 'अजून थोडी तयारी करू' हा दुसरा, आणि हा तर कौतुकास्पदही दिसतो. सूचक बोलून समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा धरणं, तिसऱ्याकरवी विचारणं, विचारायच्या आधीच 'नाही जमलं तरी काही हरकत नाही हं' असं तीनदा म्हणणं हीही तिचीच रूपं. आणखी एक रूप पटकन ओळखू येत नाही: 'मला तसंही ते नकोच होतं.' द्राक्षं चाखायच्या आधीच आंबट. यादीत अशी एखादी 'नकोच होती' गोष्ट सापडली तर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करून ठेवा.

दुसरी पायरी: वही घाला

माझ्या मते सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे. बाकीच्या पायऱ्या पुढेमागे झाल्या तरी चालेल, ही गाळू नका.

साधी वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा. पहिल्यात काय विचारणार, कुणाला. दुसऱ्यात काय होईल असं वाटतं, आणि हे विचारायच्या *आधी* लिहायचं. 'वाईट होईल' असं मोघम लिहू नका. 'ती हसेल आणि इतरांना सांगेल', 'ते म्हणतील एवढंही येत नाही का', असं नेमकं लिहा. शेजारी भीतीला ० ते १० पैकी आकडा द्या. तिसऱ्यात प्रत्यक्षात काय झालं, शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत. चौथ्यात दुसऱ्या दिवशी त्याबद्दल किती वाईट वाटतंय, पुन्हा ० ते १०.

आधी का लिहायचं? कारण आपली आठवण फार लबाड असते. होकार मिळाला की 'मला वाटलंच होतं' म्हणून ती मोकळी होते, आणि आदल्या रात्री आपण किती वाईट चित्र रंगवलं होतं ते विसरते. भीतीवरच्या उपचारांत आज ज्या कल्पनेला महत्त्व आहे ती अशी: नुसतं भीतीदायक परिस्थितीत जाऊन बसण्यापेक्षा, आपली अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत ठळकपणे दिसली की शिकणं पक्कं होतं. मिशेल क्रॅस्क या मानसशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. वहीतले दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी शेजारी आहेत ते याचसाठी.

तफावत किती निघेल? फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांचे २००८ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग इथे आठवतात. लोकांना सांगितलं होतं की अनोळखी माणसांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणा, त्यासाठी किती जणांना विचारावं लागेल याचा अंदाज आधी सांगा. अंदाज आला सुमारे २० जणांचा. प्रत्यक्षात सुमारे १० जणांतच काम झालं. थोडक्यात, लोक जेवढ्या विचारणा लागतील असं गृहीत धरून निघाले होते त्याच्या निम्म्याच्या आसपासच पुरल्या. याचं एक कारण विचार करण्यासारखं आहे. विचारणारा 'हो म्हटलं तर त्याला केवढा त्रास' एवढंच मोजतो. तोंडावर नाही म्हणणंही समोरच्याला अवघड जातं, हे त्याच्या हिशेबात नसतं.

दुसरी तफावत दुःखाच्या लांबीची. डॅनियल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये विद्यापीठातल्या प्राध्यापकांना विचारलं की कायम नियुक्ती नाकारली गेली तर पुढची काही वर्षं तुम्ही किती दुःखी असाल. खूप, असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ज्यांना ती नाकारली गेली होती ते, मिळालेल्यांच्या मानाने, लोकांना वाटलं होतं तितके दुःखी नव्हते. करिअरमधला एवढा मोठा नकार पचतो, कारण मन मागच्या दाराने सावरायचं काम करत असतं. अंदाज बांधताना मात्र आपण या सावरण्याला धरतच नाही. चौथा रकाना यासाठीच आहे. माझ्या वहीत तो सुरुवातीला मीच टाळायचो, कारण दुसऱ्या दिवशी लिहायला बसलं की पुष्कळदा लिहिण्यासारखं काही उरलेलं नसायचं आणि आदल्या दिवशीचा ८ बघून लाज वाटायची.

तिसरी पायरी: शिडी बांधा

आता पाच गोष्टींची यादी दहापर्यंत वाढवा आणि भीतीच्या आकड्याप्रमाणे खालून वर लावा. नमुना म्हणून एक शिडी देतो. अनोळखी माणसाला रस्ता विचारणं: २. न समजलेली गोष्ट बैठकीत 'पुन्हा सांगाल का?' म्हणून विचारणं: ३. आपण लिहिलेलं काही एखाद्याला वाचून बघायची विनंती: ४. कामाची मुदत वाढवून मागणं: ५. जुन्या, संपर्क तुटलेल्या मित्राला स्वतःहून फोन: ६. पगारवाढीबद्दल बोलणं: ८. आवडणाऱ्या व्यक्तीला 'भेटू या का?' विचारणं: ९. तुमचे आकडे वेगळे असतील. फोनची पायरी कुणासाठी २ असेल, कुणासाठी १०.

सुरुवात ३ किंवा ४ पासून करा. १ वर वेळ घालवला तर काही शिकायला मिळत नाही. थेट ९ वर उडी मारून आपटलात तर 'बघा, सांगितलं होतं ना' म्हणायला मन टपलेलंच असतं. एका पायरीवर एकदा जाऊन भागत नाही. वेगवेगळ्या माणसांना, वेगवेगळ्या ठिकाणी, चार-पाच वेळा विचारा. आठवड्याला तीन नोंदी पुरेत, रोजचा नेम करून दहाव्या दिवशी सोडण्यापेक्षा हे बरं.

या बाबतीत अल्बर्ट एलिस यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. पुढे १९५५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची मानसोपचार पद्धती मांडली. पण १९३३ मध्ये ते १९ वर्षांचे होते आणि मुलींशी बोलायला विलक्षण घाबरायचे. त्यांनी महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची, असं ठरवलं. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे १३० पैकी ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं आणि भेटीचं कबूल केलं फक्त एकीने. तीही आली नाही. हिशेबाने बघितलं तर साफ अपयश. पण एवढ्यात ती भीती गेली, कारण जे जे भयंकर होईल असं त्यांना वाटलं होतं, त्यातलं काहीच घडलं नाही. कुणी आरडाओरड केली नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत. आजच्या काळात एकट्या बसलेल्या १३० अनोळखी बायकांकडे जाणं मी कुणाला सुचवणार नाही, तिकडून बघितलं तर तो वेगळाच त्रास आहे. किश्श्यातून घ्यायची ती मोजणी.

मुद्दाम वेडगळ मागण्या करून रोज एक नकार गोळा करायचा, असाही एक प्रकार लोकप्रिय आहे. २०१२ मध्ये जिया जियांग यांनी शंभर दिवस तसं करून त्याचे व्हिडिओ टाकले तेव्हापासून तो जास्तच पसरला. गंमत म्हणून एखाददुसरा करून बघायला हरकत नाही. पण मला त्याची मर्यादा जाणवते. वेडगळ मागणीला नकार मिळाला तर तो वेडगळपणाला मिळतो, आपल्याला लागत नाही. खरी भीती खऱ्या इच्छेपाशी असते. म्हणून शिडीवर निदान निम्म्या गोष्टी अशा हव्यात, ज्या तुम्हाला मनापासून हव्या आहेत.

चौथी पायरी: विचारायचं कसं

'भीड भिकेची बहीण' असं आपण म्हणतो, पण भीड सोडणं म्हणजे मागे लागणं नव्हे. विनंतीत तीन गोष्टी असाव्यात: नेमकं काय हवं, कधीपर्यंत, आणि नाही म्हणायला मोकळी वाट. 'तुम्हाला वेळ असेल तर कधीतरी माझं थोडं काम बघता आलं असतं तर...' हे वाक्य ऐकणाऱ्याला काय करायचं तेच कळत नाही. 'मी दोन पानांचा अर्ज लिहिलाय. शुक्रवारपर्यंत वाचून त्यात काय खटकतं ते सांगाल का? जमणार नसेल तर तसं कळवा, मी दुसऱ्या कुणाला विचारेन.' हे वाक्य कुणीही पेलू शकतं. शेवटचा भाग खोटा नम्रपणा म्हणून घालू नका, खरोखर दुसरं कुणी मनात ठेवा. एकाच दारावर सगळं टांगलेलं असलं की आवाज कापतो.

शक्य असेल तिथे समोरासमोर विचारा. महदी रोघानिझाद आणि व्हेनेसा बोन्स (वरच्या प्रयोगातल्या व्हेनेसा लेक त्याच) यांच्या २०१७ च्या प्रयोगात अनोळखी लोकांना प्रत्यक्ष भेटून केलेली विनंती ईमेलच्या ३४ पट परिणामकारक ठरली. विचारणाऱ्यांना मात्र दोन्ही साधारण सारखंच वाटत होतं. भित्र्या माणसाला ईमेल सुरक्षित वाटतो आणि नेमका तिथेच त्याला नकार, त्याहून जास्त वेळा शुकशुकाट, वाट्याला येतो. या आकड्याला दुसरी बाजूही आहे. तोंडावर नाही म्हणणं लोकांना जड जातं, म्हणून ते हो म्हणतात. तेव्हा तुमच्या हाताखालचा, तुमच्यावर अवलंबून असलेला माणूस असेल, तर त्याला मुद्दाम वेळ द्या: 'आत्ता नको, विचार करून उद्या सांगा.'

पाचवी पायरी: नकार आला. आता?

तोंडून निघण्यासाठी एक वाक्य आधीच पाठ करून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. 'ठीक आहे, स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं.' एवढं पुरे. कारणं मागू नका, वाद घालू नका, 'मला माहीतच होतं' असं तर मुळीच म्हणू नका. तो समोरच्याला बसलेला चिमटा असतो. लगेच लांबलचक मेसेजही लिहू नका. लिहावासा वाटलाच तर वहीत लिहा.

वाईट वाटणं थोडं ओसरलं की तिसऱ्या रकान्यात त्यांचे शब्द लिहा आणि खाली वेगळ्या ओळीत तुम्ही त्याला जोडलेला अर्थ. 'या आठवड्यात जमणार नाही' हे झाले शब्द. 'मी त्यांना महत्त्वाचा वाटत नाही' ही तुमची भर. दोन्ही एकाच ओळीत लिहिली की खरी वाटतात, वेगळी लिहिली की भर उघडी पडते. आणखी एक युक्ती ईथन क्रॉस यांच्या संशोधनातून आली आहे: स्वतःबद्दल 'मी' न म्हणता स्वतःचं नाव घेऊन विचार करा, जणू मित्राला समजावताय. सुरुवातीला हास्यास्पद वाटतं. पण आपल्याला न सुचलेला शहाणपणा मित्राच्या बाबतीत भरभर सुचतो, हे कुणीही अनुभवलेलं आहे.

मग नकार कशाला होता ते बघा. वेळेला होता, मागणीच्या आकाराला होता, की मुळातच होता? पहिल्या दोन्हींत पुन्हा, वेगळ्या रूपात विचारता येतं. नोकरीच्या मुलाखतीनंतर 'पुढच्या वेळी काय सुधारलं तर उपयोग होईल?' असं एकदा विचारणंही चालतं. प्रेमाच्या बाबतीत नाही. तिथे नकार आला की विषय संपला. कारण विचारणं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा आडून चाचपणं नाही, मित्रांकरवी दबाव तर नाहीच. धीर आणि हट्ट यांतली सीमा इथे अगदी ठसठशीत आहे.

उत्तरच न येणं याला वहीत वेगळी खूण ठेवा. आठवड्याने एकदा आठवण करा, तरी काही नाही आलं तर नोंद बंद करा. शांततेचा अर्थ लावत बसणं हा वेळ खाण्याचा सर्वांत भिकार मार्ग आहे, आणि मी त्यात वर्षं घालवली आहेत.

काही नकार तुमच्या धिटाईने बदलणारे नसतात, हेही सांगायला हवं. जात, रंग, लिंग, वय, अपंगत्व पाहून दार बंद होतं तेव्हा दोष विचारणाऱ्याच्या भीतीत शोधू नये. अशा नोंदी वहीत वेगळ्या काढा. त्या स्वतःला सुधारण्यासाठी वापरायच्या नाहीत, तक्रार करायला किंवा सोबत शोधायला उपयोगी पडतात.

सहावी पायरी: तुम्हीही नाही म्हणा

ज्याला नकार ऐकवत नाही, त्याला बहुधा देताही येत नाही. आठवड्यातून एकदा, न पटणाऱ्या लहानशा गोष्टीला, सबबी न सांगता नाही म्हणून बघा. तुम्ही नाही म्हणालात आणि तरी तो माणूस तुम्हाला आवडतोच, हे स्वतःच्या बाजूने अनुभवलं की इतरांचं 'नाही' वेगळं ऐकू येतं.

केव्हा एकट्याने करू नये

लोक आपल्याला जोखतील या धास्तीने शाळा, काम, बाहेर पडणं, फोन उचलणं हेच बंद झालं असेल, महिनोन्‌महिने तसंच चाललं असेल, तर तो भिडस्तपणाच्या पलीकडचा प्रकार असू शकतो. त्याला सामाजिक चिंताविकार म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. वर सांगितलेली शिडी तिथेही असते, फक्त सोबत शिकलेला माणूस असतो. नकारानंतर जगणंच नको वाटत असेल तर वही बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांशी किंवा जवळच्या माणसाशी बोला.

राहिलेली गोष्ट: 'हो' आलं तर?

हा भाग मला कुणी सांगितला नव्हता. वही सुरू करून साधारण महिना झाला होता. एका अनुभवी व्यक्तीला मी माझ्या कामाबद्दल अर्धा तास मागितला होता. दुसऱ्या रकान्यात तीन प्रकारचे नकार लिहून ठेवले होते, तिन्हींना द्यायची उत्तरंही तयार होती. त्या म्हणाल्या, 'हो, चालेल की. कधी बोलायचं?' मी म्हणालो, 'बघतो आणि सांगतो.' मग चार दिवस सांगितलंच नाही, कारण नक्की काय विचारायचं हे मी ठरवलंच नव्हतं.

तेव्हापासून माझ्या वहीत पाचवा रकाना आहे: होकार आला तर लगेच पुढे काय बोलायचं. दिवस, वेळ आणि पहिला प्रश्न.